पॉलिसी तीच, एजंट नवा : विमा एजंट बदलताना काय करायचं आणि काय टाळायचं

माझ्या वडिलांचे विमा एजंट म्हणजे आमच्या घरचेच. परळच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहायचे. दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचे, चहा घ्यायचे आणि हप्त्याचा चेक घेऊन जायचे. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. पुढे बाबा गेले, आम्ही मुलुंडला राहायला आलो, काकांनीही वयोमानाने काम थांबवलं आणि ते कुडाळला गावी गेले.

आईच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण त्या वर्षी आमच्या लक्षातच आलं नाही. कंपनीचे मेसेज जात होते, पण ते काकांच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. पंधरा वर्षांपूर्वी फॉर्म भरताना ‘मोबाईल’च्या रकान्यात काकांनी सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकला होता. मुदत संपून १९ दिवस झाल्यावर कपाट आवरताना पॉलिसीची प्रत हातात आली आणि माझ्या पोटात गोळा आला. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, त्यामुळे पॉलिसी वाचली. पण ते १९ दिवस आई विम्याशिवाय होती. वार्षिक हप्ता थकलेला असताना वाढीव मुदतीत भरला, तर पॉलिसीचं सातत्य टिकतं, मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मात्र मिळत नाही. तेव्हा आईचं वय ७१ होतं.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी घरातल्या सगळ्या पॉलिसींचा एजंट बदलला. आईचं मेडिक्लेम, माझ्या दोन आयुर्विमा पॉलिसी आणि भावाच्या गाडीचा विमा. तिन्हींची रीत वेगळी निघाली. कुठे काय करावं लागतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर निम्म्या चकरा वाचल्या असत्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. विम्याचा करार तुमचा आणि कंपनीचा असतो, एजंट त्यात पक्षकार नसतो. त्यामुळे एजंट बदलला म्हणून पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम, बोनस, वारसाचं नाव, प्रतीक्षा काळातली (ठरावीक आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबावं लागतं तो काळ) झालेली वर्षं, यातलं काहीही बदलत नाही. ‘एजंट बदलायचा तर नवी पॉलिसी घ्यावी लागेल’ असं कोणी म्हणालं, तर ते खोटं आहे.

१. आधी पॉलिसी स्वतःच्या हातात घ्या

नवा एजंट शोधायच्या आधीचं हे काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण इथेच घाई करतात. नवा माणूस येतो, ‘सगळं माझ्यावर सोडा’ म्हणतो आणि रेकॉर्डवर एका एजंटच्या जागी दुसऱ्या एजंटचा नंबर जातो. दुखणं तिथल्या तिथेच राहतं.

घरातल्या सगळ्या पॉलिसी काढा. आमच्याकडे त्या तपकिरी रेग्झिनच्या फाईलमध्ये होत्या, बाबांच्या अक्षरात पाठीवर ‘विमा’ लिहिलेलं. प्रत्येक पॉलिसीचं पहिलं पान बघा आणि एका वहीत उतरवा : कंपनी, पॉलिसी क्रमांक, कोणाच्या नावावर, हप्ता किती, कधी, शाखा कोणती, एजंटचा कोड, वारस कोण. पॉलिसीचा बाँड सापडत नसेल तर घाबरू नका. जुनी पावती किंवा बँकेच्या पासबुकातली हप्त्याची नोंद असली, तरी शाखेत शोध लागतो. बाँडची दुय्यम प्रतही मिळते, फक्त त्यासाठी वेगळी कागदपत्रं लागतात.

आता कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा किंवा शाखेत जा आणि चार गोष्टी विचारा : रेकॉर्डवर मोबाईल कोणाचा आहे, ईमेल कोणाचा, पत्ता कोणता आणि क्लेमचे पैसे जमा होण्यासाठी बँक खातं कोणतं. आईच्या पॉलिसीवर मोबाईल काकांचा, पत्ता परळचा आणि ईमेलच्या जागी एक असा पत्ता होता, जो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. बहुधा काकांच्या ओळखीतल्या कोणाचा तरी असावा.

हे चारही तपशील स्वतःचे करून घ्या. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, पॉलिसीची किल्ली त्याच्याकडे असते. आई-वडिलांची पॉलिसी असेल आणि त्यांना मेसेज वाचायची सवय नसेल, तर मुलाचा किंवा मुलीचा नंबर द्या. एजंटचा नको, तो कितीही जवळचा असला तरी.

मग कंपनीच्या पोर्टलवर किंवा ॲपवर स्वतःचं खातं उघडा. हप्ता भरणं, पावती काढणं, पॉलिसीची स्थिती बघणं हे सगळं तिथे होतं. एलआयसीचा हप्ता ऑनलाईन किंवा कुठल्याही शाखेत भरता येतो, त्यासाठी एजंट लागतच नाही. हे जमलं की नव्या एजंटची घाई उरत नाही आणि शांतपणे माणूस निवडता येतो.

वारसाचं नावही याच फेरीत तपासा. माझ्या एका पॉलिसीत वारस म्हणून अजून बाबांचंच नाव होतं.

२. पॉलिसी कोणत्या प्रकारची, ते बघून रस्ता ठरवा

आरोग्य विमा आणि गाडीचा विमा वर्षावर्षाला नवा होतो, त्यामुळे एजंट बदलायची नैसर्गिक वेळ म्हणजे नूतनीकरण. मुदत संपायच्या ४५ ते ६० दिवस आधी कंपनीला पत्र द्या. मधेच दिलं तरी कंपन्या बऱ्याचदा ‘पुढच्या नूतनीकरणापासून’ असंच लिहून देतात. त्यात वावगं काही नाही, चालू वर्षाचं कमिशन जुन्या एजंटला मिळून गेलेलं असतं.

गाडीच्या विम्यात एक गोष्ट लक्षात ठेवा : नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीच्या मालकाचा असतो, एजंटचा नाही आणि कंपनीचाही नाही. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग चढत चढत पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एजंट बदला, कंपनी बदला, तो तुमच्याबरोबर येतो. फक्त पॉलिसी संपून ९० दिवसांहून जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर तो बुडतो.

आयुर्विम्याची गोष्ट वेगळी. ज्याने पॉलिसी दिली, त्याला पुढच्या हप्त्यांवरही थोडं थोडं कमिशन मिळत राहतं, म्हणून कंपन्या रेकॉर्डवरचा एजंट कोड सहसा बदलत नाहीत. मी शाखेत गेले तेव्हा माझा समज होता, की अर्ज दिला की काकांच्या जागी नवं नाव येईल. काउंटरवरच्या बाईंनी नीट समजावलं, की कोड आहे तसाच राहील, सेवा मात्र शाखेकडून किंवा दुसऱ्या एजंटकडून घेता येईल. माझं काम तेवढ्यानेच झालं. काकांचं कमिशन बंद व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती, तीस वर्षं त्या माणसाने आमच्या घरासाठी उन्हातान्हात खेपा घातल्या होत्या.

एजंट वारला असेल किंवा त्याने काम सोडलं असेल, तर अशा पॉलिसीला विम्याच्या धंद्यात ‘ऑर्फन (अनाथ) पॉलिसी’ म्हणतात. शाखेत जाऊन ही गोष्ट लेखी कळवा आणि सेवेसाठी कोण, ते विचारा. शब्द ऐकायला वाईट आहे, पण पॉलिसी पूर्ण जिवंत असते.

घर बदललं असेल तर आयुर्विम्याची पॉलिसी जवळच्या शाखेत वर्ग करून घ्या. माझ्या दोन्ही पॉलिसी दादरच्या शाखेत होत्या, त्या मुलुंडजवळच्या शाखेत आणल्या. साध्या अर्जावर काम झालं.

३. नवा एजंट निवडताना

ओळखीचा असणं पुरेसं नाही. कंपनीने दिलेलं ओळखपत्र आणि एजंट कोड मागा, आणि तो कोड कंपनीच्या शाखेत किंवा ग्राहक सेवेवर पडताळून घ्या. खरा एजंट यावर रागावत नाही. वैयक्तिक एजंटला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. त्यामुळे कोणी चार आयुर्विमा कंपन्यांची माहितीपत्रकं समोर टाकली, तर तो ब्रोकर आहे का, कोणत्या नोंदणीवर काम करतो, हे सरळ विचारा. आणि तुमची पॉलिसी ज्या कंपनीची, त्याच कंपनीचा एजंट हवा हे उघड आहे, तरी बरेच जण हे विसरतात.

मी तिघांना भेटले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : ‘मागच्या वर्षी तुमच्या किती ग्राहकांचे क्लेम झाले आणि त्यात तुम्ही काय केलंत?’ पहिल्याने विषय बदलून गुंतवणुकीची योजना काढली. दुसऱ्याने ‘क्लेमचं कंपनी बघते’ असं सांगितलं. तिसऱ्या, भांडुपच्या एक मॅडम, हॉस्पिटलची कोणती कागदं लोक विसरतात याची यादीच बोलून गेल्या : डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही, औषधांच्या बिलांसोबत चिठ्ठ्या, तपासण्यांचे मूळ रिपोर्ट. मी त्यांनाच निवडलं.

४. पत्र द्या आणि पोच घ्या

फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. मोबाईल-पत्ता बदलाचा अर्ज वेगळा आणि एजंट बदलाचं पत्र वेगळं द्या. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या, की एक होते आणि दुसरी राहून जाते, हा माझा स्वतःचा अनुभव. काही कंपन्यांचा ठरलेला फॉर्म असतो. नसेल तर असं लिहा :

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : पॉलिसी क्र. ______ साठी सेवा देणारा एजंट बदलण्याबाबत.
महोदय/महोदया, मी वरील पॉलिसीची/चा धारक असून सध्याचे एजंट (कोड ______) यांच्याकडून मला सेवा मिळणे शक्य नाही. पुढील नूतनीकरणापासून श्री./श्रीमती ______ (कोड ______) यांची नेमणूक करावी. पॉलिसीच्या अटी, विमा रक्कम, मुदत व सातत्य यांत कोणताही बदल करू नये. केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर माझ्या नोंदणीकृत ईमेलवर द्यावे.’

खाली तारीख आणि पॉलिसीवर आहे तशीच सही. आयुर्विम्यासाठी ‘नेमणूक करावी’च्या जागी ‘सेवेची व्यवस्था करावी’ असं लिहा. ‘कोणताही बदल करू नये’ हे वाक्य मात्र गाळू नका. पुढे काही गोंधळ झालाच, तर तुमच्या बाजूने बोलायला तेच असतं.

सोबत न्यायची कागदपत्रं :
– पॉलिसीच्या पहिल्या पानाची किंवा नूतनीकरणाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स
– शेवटच्या हप्त्याची पावती
– आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, त्यावर स्वतःची सही
– पत्ता बदलत असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा
– बँक खातं बदलत असेल तर रद्द केलेला चेक
– नव्या एजंटचं नाव आणि कोड

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. सोमवारी आणि महिनाअखेरीला शाखांमध्ये गर्दी असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर अर्ध्या तासात काम होतं. ईमेलनेही पत्र पाठवता येतं, तेव्हा उत्तरादाखल आलेला विनंती क्रमांक जपून ठेवा. या कामासाठी मला कुठेही एक रुपया द्यावा लागला नाही. एजंटला कमिशन कंपनी देते, तुम्ही नाही.

जुन्या एजंटला एक फोन जरूर करा. काकांना मी कुडाळला फोन केला, तेव्हा त्यांनीच आईच्या २००९ सालच्या मूळ प्रस्तावाची, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जाची, प्रत शोधून पोस्टाने पाठवली. त्यात तिचा रक्तदाब तेव्हाच नोंदवलेला होता. हा कागद आज आमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद आहे.

५. बदल झाला का, ते तपासा

नूतनीकरणाची नवी प्रत आली की जुन्या प्रतीशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. पॉलिसी पहिल्यांदा कधी सुरू झाली ती तारीख, विमा रक्कम, जमा बोनस, नोंदवलेले आजार, सदस्यांची नावं आणि वयं. आईच्या प्रतीत पहिल्या प्रयत्नात सुरुवातीची तारीख चुकीची, त्याच वर्षाची छापून आली होती. म्हणजे कागदावर तिची पॉलिसी कोरी करकरीत झाली होती. एका ईमेलने दुरुस्त झालं, पण ते लक्षात आलं नसतं तर क्लेमच्या दिवशी केवढ्याला पडलं असतं.

हप्त्याच्या आकड्यावरही नजर टाका. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, पूर्वी आरोग्य विम्यावर तो १८ टक्के होता.

सापळे : इथे थांबा आणि दोनदा विचार करा

‘जुनी बंद करा, नवी याहून चांगली आहे.’ एजंट बदलताना हमखास ऐकू येणारं वाक्य. नव्या पॉलिसीवर एजंटला कमिशन जास्त असतं, हे लक्षात ठेवून ऐका. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं झाली, की कंपनीला तिच्यावर कुठल्याही कारणाने शंका घेता येत नाही. नवी घेतली, की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आणि सलग पाच वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही आजार लपवलात’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आईने हे दोन्ही टप्पे कधीच पार केले होते. ७१ व्या वर्षी तिने नवी पॉलिसी घेतली असती, तर हे सगळं पाण्यात गेलं असतं.

‘पोर्ट करून देतो.’ पोर्ट करणं म्हणजे कंपनी बदलणं. एजंट बदलणं आणि पोर्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टमध्ये प्रतीक्षा काळाचं श्रेय बरोबर येतं, पण नवी कंपनी तुमची तब्येत बघून नकारही देऊ शकते. कंपनीवर राग नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

‘पहिल्या हप्त्यातले पैसे परत देतो.’ कमिशनमधून सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे आणि ती घेणाऱ्यालाही ते लागू होतं. आज जो कायदा मोडून ग्राहक मिळवतोय, तो उद्या क्लेमच्या वेळी तुमच्यासाठी किती उभा राहील?

कोऱ्या फॉर्मवर सही. कधीही नको. ‘बाकीचं मी भरतो’ याच सवयीतून आमच्या पॉलिसीवर दुसऱ्याचा नंबर आला होता.

रोख हप्ता. चेक कंपनीच्या नावाने आणि मागे पॉलिसी क्रमांक लिहून द्या, नाहीतर ऑनलाईन भरा. मेडिक्लेमचा हप्ता रोखीत भरला, तर आयकरातली वजावटही मिळत नाही.

‘आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय.’ फोन ठेवून द्या. आयआरडीएआय ही विम्याची सरकारी नियामक संस्था आहे, ती पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

क्लेम चालू असेल तर बदल थोडा पुढे ढकला. आणि क्लेमसाठी एजंट हवाच असंही नाही. हॉस्पिटलचा विमा कक्ष कॅशलेसचा (बिल कंपनीने परस्पर भरण्याचा) अर्ज थेट कंपनीकडे पाठवतो. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने एका तासात होकार-नकार कळवायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम निर्णय तीन तासांत द्यायचा असतो.

एजंट नसल्याच्या गोंधळात आयुर्विमा आधीच बंद पडला असेल, तर सोडून देऊ नका. चुकलेल्या पहिल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत, युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी) असेल तर तीन वर्षांपर्यंत, थकबाकी व्याजासह भरून ती जिवंत करता येते. तब्येतीचा दाखला मागितला जाऊ शकतो, म्हणून जितकं लवकर कराल तितकं सोपं.

६. कंपनी ऐकत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही, तर ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या पोर्टलवर नोंदवा. फोनवरून करायची असेल तर क्रमांक १५५२५५. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाईनही करता येतो. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात, आणि २०२१ पासून सेवेतल्या त्रुटींच्या तक्रारीही, एजंट आणि ब्रोकरच्या सेवेसकट, त्यांच्याकडे नेता येतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत कंपनीला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत जोडा. तीच पोचेची प्रत, जी चौथ्या पायरीला तुम्ही घेतलेली असेल.